दादाचा गुरुवार

मंगळ., २ मे

दादाला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा म्हणाले. दोनच गेली, तीही दातांवर घासून. डॉक्टरांनी बॅटरी मारून गालाच्या आत पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. दादाकडे नाही.

डाव्या गालात आतून पांढरं पडलंय, मध्ये एक लाल खड्डा. तपासायला तुकडा काढला. रिपोर्ट सोमवारी.

परत येताना ऑटोत रुमाल गालाला धरून दादा म्हणाला, "तुझ्या वहिनीला दाताचं म्हणून सांग, बेबी."

सांगितलं. आमच्या घरात असंच चालतं.

त्या गुटख्याच्या पुड्या. पूर्वी हा माणूस जेवणानंतर एक पान खायचा, बास. गेल्या सात-आठ वर्षांत प्रत्येक दुकानावर चकचकीत पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या. वरातीत चालता चालता सॅक्सोफोन एका हातात धरायचा आणि पुडी दाताने फाडायची. मी पाहिलंय. पाहून हसलेही आहे.


गुरु., ४ मे

दुपारी सलीलचा फोन. हा जाहिरात कंपनीतला मुलगा, पुण्याचा, इथे येऊन वर्ष झालं. जॅझ महोत्सवाचं सगळं तोच बघतोय. गेल्या महिन्यात मीच त्याला पत्र लिहिलं होतं. सिकंदराबादच्या मैदानावर तीन संध्याकाळी परदेशी बँड वाजणार, गावभर त्या नव्या शीतपेयाचे फलक लागलेत, आणि तीस वर्षांपूर्वी ह्याच शहरात हे संगीत वाजवणारा एक माणूस अजून गौलीगुड्यात राहतो, हे तुम्हाला माहीत आहे का?

"मॅडम, झालं काम! पुढच्या रविवारी, चौदाला, शेवटच्या दिवशी. वीस मिनिटं. स्टेजवर."

मी तशीच ऑटो करून दादाकडे.

दादा म्हणाला, "बरं."

पण चेहरा बघायला हवा होता. तीस वर्षं बंद असलेलं एखादं दार कुणीतरी आतून उघडावं तसा. सिकं'बादच्या हॉटेलातली ती नोकरी, पांढरा कोट, सोबतचे अँग्लो-इंडियन वाजवणारे. ते एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेले, हॉटेलात बँडच्या जागी टेप आली, आणि दादा काचीगुड्याला रेल्वेत क्लार्क झाला. लग्नसराईत युसुफभाईंच्या बँडमध्ये. लाल कोट, सोनेरी झालर. तीस वर्षांत एकदाही तक्रार नाही. आत सगळं साठलेलं असणार.

नंदा, त्याची मुलगी, कॉम्प्युटरच्या क्लासवरून आली. "आत्या, सच्ची? पप्पा स्टेजवर? मैं तो सबको बोलनेवाली." ह्या पोरीला मराठीत एक वाक्य पुरं बोलता येत नाही. नांदेडला सासरी कसं होणार? मार्गशीर्षात लग्न.

वहिनी म्हणाल्या, "वाजवतील की. पण आधी तिखटाचं काहीतरी बघा बाई. भाजीचा घास चालंना झालाय त्यांना. नुसता दहीभात."


शुक्र., ५ मे

युसुफभाईंच्या दुकानात तालीम. भिंतीवर तुताऱ्या, छताला ढोल टांगलेले, कूलर पाण्याविना गरम वारा फेकतोय. दादा, एक ड्रमवाला, एक ट्रंपेटवाला पोक्त गृहस्थ. दादाने तीस वर्षांपूर्वीची एक संथ इंग्रजी धून काढली. मध्येच सोडली. रीड, म्हणजे सॅक्सच्या तोंडाची ती वेताची पत्ती, बदलली. पुन्हा सोडली.

"रीडचं नाही, मास्टर," युसुफभाई म्हणाले. "मुँह का है. मुँह नहीं खुल रा तुम्हारा." मग माझ्याकडे वळून, "आपा, पहले ये इंग्लिश बजाते तो बरातवाले चिल्लाते थे, बंद करो बोलके. अब वोइच सुनने कू लोगां टिकट लेके आरे."

सगळे हसले. दादा ओठ मिटून.

कथेसारखं वाटत होतं सगळं. लिहायला नको, पण वाटत होतं. चार वर्षांपूर्वी दिवाळी अंकात लिहिली होती तशी. सॅक्सोफोनवाला वाजवता वाजवता स्टेजवर कोसळतो, चेहऱ्यावर समाधान. अजून पत्रं येतात तिच्यावर. दादानेही ती कथा वाचली होती. म्हणाला होता, "छान आहे. पण हा माणूस कोण गं, बेबी?"


सोम., ८ मे

रिपो. आला.

तोच. मला वाटलं होतं तोच.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. पेशंटला आज सांगू नका, आधी घरच्यांत बोला, म्हणाले. गुरुवारी बेड मिळतोय, दाखल करा, शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. डाव्या बाजूचा आतला गाल आणि खालच्या जबड्याचा भाग काढावा लागेल. रविवारी ते स्वतः मुलाकडे अमेरिकेला चाललेत, जूनच्या पहिल्या आठवड्यात परत.

मी विचारलं, "नंतर वाजवता येईल?"

"काय?"

"सॅक्सोफोन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, जेवता येईल की नाही ते आधी बघू."

मी विचारलं, ऑपरेशन रविवारनंतर केलं तर? चार दिवसांनी काय मोठा फरक? ते म्हणाले, चार दिवसांचा प्रश्नच नाही. हा बेड गेला की मी परत येईपर्यंत महिना. दुसरीकडे दाखवा हवं तर, सरकारी दवाखान्यात रांग ह्याहून लांब आहे. महिन्यात काय होईल? काही होणार नाही, किंवा होईल. वाट बघण्यासारखा हा आजार नाही.

स्पष्ट सांगितलं त्यांनी. मला कळलं नाही असं पुढे कधी म्हणता येऊ नये म्हणून इथे लिहून ठेवते.

रिपो. पर्समध्ये. आतल्या कप्प्यात, आरशामागे.


मंगळ., ९ मे

ह्यांना सांगितलं. चहाचा कप हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "त्याला विचार."

"विचारायचं म्हणजे सांगायचं."

"मग सांग."

सांगायचं कसं? सांगितलं की गुरुवारी तो दाखल होणार. वहिनी हंबरडा फोडणार, नंदा रडणार, आणि तो मुकाट्याने कपड्यांची पिशवी भरून निघणार. कारण तो कधी कुणाला नाही म्हणालेला नाही. आणि रविवारी मैदानावर दुसरंच कुणीतरी उभं राहणार. मग आयुष्यभर तो ते अर्धं तोंड घेऊन खिडकीशी बसणार. आणि मी ते बघणार.

बाबांच्या वेळी दादानेच मला आणि आईला बाहेर बोलावून सांगितलं होतं. "त्यांना कळता कामा नये. कळलं तर आजच जातील." सात महिने बाबा अल्सर समजून दूध पीत होते. गेल्यावर दादा म्हणाला होता, कळलं नाही म्हणून सुखात गेले.

एक रविवार. एवढाच.

संध्याकाळी गौलीगुड्याला गेले. दादा अंगणात बाजेवर बनियनवर बसलेला, पायाशी पाण्याची बादली. म्हटलं, "इन्फेक्शन आहे. गोळ्या दिल्यात. जूनमध्ये परत दाखवायचं."

"मग एवढं कापून कशाला बघितलं?"

"खात्री करायला."

"हं." मग, "तू म्हणतेस तर बरोबर."

"पुड्या मात्र बंद."

"हौ, बंद."

निघताना वहिनींनी कुंकू लावलं. "तुमच्यामुळं बरं बाई. आमाला कुठलं कळतंय इंग्रजी."


बुध., १० मे

दवाखान्यात फोन केला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बेड सोडायचा ना मॅडम? नक्की?"

दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं.


गुरु., ११ मे

आज कुणीतरी दुसरं त्या बेडवर गेलं असेल.

स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. हे तसेच जेवले.


शुक्र., १२ मे (लिहितेय शनिवारी सकाळी)

सलीलने दोन पास पाठवले होते. दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. वहिनींना मोठा आवाज सोसत नाही, त्या घरी. सहाला पोचलो तरी जमिनीतून वाफ येत होती. मैदानभर खुर्च्या, खुर्च्यांमागे लोक चादरी पसरून. एवढी माणसं ह्या गावात हे ऐकायला येतील असं कधी वाटलं नव्हतं. कोऱ्या जीन्समधली पोरं, पेजर लावलेले साहेब, गाड्यांतून उतरणाऱ्या बायका. प्रत्येक खांबावर त्या शीतपेयाचं नाव. प्यायलाही तेच, दुसरं काही नाही.

"दारूबंदीत जॅझ," दादा म्हणाला. "आमच्या वेळी दोन गाण्यांच्या मध्ये ग्लासांचाच आवाज यायचा. आत्ता कसं कीर्तनाला बसल्यासारखं वाटतंय."

मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "अंकल, पार्किंग में जाके देखो. सब की डिक्की में है."

पहिला बँड मला कळला नाही. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं असं वाटलं. दुसऱ्या बँडमध्ये एक म्हातारा, उंच, टक्कल पडलेला अमेरिकन सॅक्सोफोनवाला. तो वाजवायला लागला आणि दादा पुढे सरकून बसला. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालायला लागली.

"श्वास कुठे घेतो ते बघ," दादा म्हणाला.

मला दिसेना. त्याने माझं मनगट धरलं. "आता... आता बघ. आणि आता." दर वेळी बोटांनी दाबून. "आम्ही सगळं रेकॉर्डवरून शिकलो. रेकॉर्डवर श्वास दिसत नाही. मी जन्मभर चुकीच्या जागी घेत होतो."

साडेसात वाजले होते. म्हणजे ऑपरेशन सकाळीच झालं असतं. एव्हाना शुद्धीवर आला असता.

तो अमेरिकन हसला तेव्हा दादा म्हणाला, "ह्याचे सगळे दात शाबूत आहेत बघ."

मी समोसे आणले. त्याने एक फोडून नुसतं आतलं बोटाने चाखलं आणि माझ्या हातात परत दिलं. मध्यंतरात म्हणाला, "निघू या का? सकाळी ऑफिस आहे." अजून एक बँड बाकी होता. त्याला हे फार होतंय, भरून आलंय, असं मला वाटलं. आम्ही निघालो. ऑटोत तो बाहेर बघत बसला. गाल हातात.

मी मनात म्हटलं, बरोबर केलं मी. हे त्याला मिळायलाच हवं होतं.


शनि., १३ मे

दुपारी सलील घरी आला. घामाघूम. पन्हं दिलं. ग्लास तसाच धरून बसला.

"मॅडम, एक छोटासा बदल आहे."

कंपनीचे मोठे साहेब दिल्लीहून आलेत. रविवारी स्टेजवर त्यांना सोडतीची बक्षिसं वाटायची आहेत, मोटारसायकल वगैरे. तेवढा वेळ कुठून काढणार? दादाच्या वीस मिनिटांतून.

"पण मास्टरजींना आम्ही ड्रॉप नाही करणार! साहेबांनीच आयडिया दिली. गेटवर वेलकम. पूर्ण बँड, युनिफॉर्ममध्ये. लाल कोट आहे ना त्यांचा? एकदम कलरफुल. परदेशी लोकांना खूप आवडतं."

मी म्हटलं, "तुम्ही स्टेज म्हणाला होतात."

"हो मॅडम. पण आता माझ्या हातात नाही."

"तुम्हाला कल्पना नाही मी काय—" आणि थांबले. काय सांगणार होते ह्या पोराला? तो बिचारा पन्ह्याच्या ग्लासात बघत बसला. मग म्हणाला, "खरंच सॉरी. माझी आजी तुमच्या कथा वाचते."

संध्याकाळी गौलीगुड्याला. वाटेत ठरवलं होतं की गेटवर वाजवू नकोस म्हणायचं. मग काय म्हणायचं हे ठरलं नव्हतं.

दादाने ऐकून घेतलं. मग हसला, जेवढं तोंड उघडतं तेवढं. "गेट माझ्या ओळखीचं आहे, बेबी. तीस वर्षं गेटवरच उभा आहे."

"नको जाऊस."

"वा! युसुफभाईचे बाराजण येतील. त्यांना मी काय सांगू, मास्टर रुसलाय म्हणून?"

डॉक्टर उद्या निघणार. आज रात्रीपर्यंत गावात आहेत. फोन करावा का? काय सांगायचं फोनवर?

केला नाही.


सोम., १५ मे, सकाळी

कालचं.

पाच वाजता बँड गेटच्या डावीकडे उभा राहिला. ऊन उतरलं नव्हतं. लाल कोट जाड कापडाचे, गळ्यापर्यंत बटणं. बारा माणसं आणि मधोमध दादा. मी पास असूनही बाहेर, तिकिटाच्या कठड्याला टेकून उभी.

लग्नात वाजवतात तीच गाणी. गाड्या येत होत्या. हातातलं दांडकं हलवत एक वॉचमन दर दोन मिनिटांनी म्हणायचा, "बाजूला घ्या, बँडवाले, गाडी येऊ दे." ते बाजूला सरकायचे. पुन्हा पुढे यायचे. एका गोऱ्या बाईने फोटो काढला. दोन पोरांनी बँडपुढे वरातीतल्यासारखा नाच केला, मित्र हसले, सगळे आत गेले.

सहाच्या सुमाराला आतून पहिल्या बँडचा आवाज यायला लागला. गेट रिकामं झालं. तेव्हा दादाने ती तालमीतली संथ धून सुरू केली. एकटाच. युसुफभाईंनी ड्रमवाल्याला हाताने थांबवलं.

मी पाहत होते श्वास कुठे घेतो ते. शुक्रवारी दाखवल्याप्रमाणे. त्याने नव्या जागी घेतला. दोनदा. तिसऱ्या वेळी सूर फाटला आणि त्याने सॅक्स खाली घेतला.

युसुफभाई म्हणाले, "बस, मास्टर."

दादाने रीड काढून रुमालाने पुसली. पांढऱ्या रुमालावर गुलाबी. त्याने घडी आत घालून खिशात ठेवला. मी पाहिलं हे त्याने पाहिलं.

आत लाउडस्पीकरवर सोडतीचा नंबर पुकारत होते.


सोम., १५ मे, संध्याकाळी

सांगितलं.

ठरवून नव्हे. दुपारी नंदाचा फोन आला, पप्पाला ताप, गाल सुजलाय. गेले. दादा बाजेवर पडलेला. मला बघून उठून बसला. "बेबी, ह्या गोळ्यांनी काही होत नाही. डॉक्टरांकडून दुसऱ्या लिहून आण."

त्या गोळ्या मी आणलेल्या. साध्या. ताकदीच्या.

पर्समधून कागद काढून दिला. त्याने चष्मा लावला. रेल्वेत तीस वर्षं इंग्रजी कागद वाचणारा माणूस. पूर्ण वाचला. पुन्हा वरपासून वाचला. मग वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही तारीख आठची आहे."

"हो."

"आज पंधरा."

मग सगळं सांगितलं. बेडचं, गुरुवारचं, डॉक्टर गेले ते. वहिनी दारात उभ्या. त्यांना अर्धं कळत होतं.

"रविवारसाठी?" दादा म्हणाला.

"तुझ्यासाठी, दादा."

"मला विचारलंस?"

"बाबांच्या वेळी तूच..."

"बाबा ऐंशीचे होते. अंथरुणाला खिळले होते. मी छप्पन्नचा आहे. आज सकाळी ऑफिसला जाणार होतो." आवाज चढला नाही. तोंडच उघडत नव्हतं चढायला. "बाबांना तरी विचारायला हवं होतं. तेव्हा नाही कळलं मला."

मी म्हटलं, मला वाटलं वाजवल्याशिवाय तू...

"कोण मी? तुझ्या त्या अंकातला माणूस?" तो खोकला. पाणी प्याला, एका बाजूने सांडलं. "वाजवलं की मी. तीस वर्षं वाजवलं. लोकांच्या लग्नात, उभा राहून, लोक जेवत असताना. नंदाच्या लग्नात मी वाजवणार नव्हतो. मी बसणार होतो. पहिल्या रांगेत, खुर्चीवर, डोक्याला फेटा बांधून. वाजवील दुसरा कुणीतरी. एवढं एकच होतं माझ्या डोक्यात. दुसरं काही नव्हतं, बेबी."

वहिनींनी विचारलं, "काय झालंय ओ? दाताचं नाही का?"

दादा त्यांच्याकडे बघून म्हणाला, "नाही. बस इकडं. सांगतो." मग मला, "तू जा आता."


मंगळ., १६ मे

ही वही मागे उलटून वाचली. ४ मे. तो "बरं" म्हणाला होता. एवढंच. पुढचं दार, तीस वर्षं, आत साठलेलं, ते सगळं मी लिहिलेलं आहे.

शुक्रवारी तो म्हणाला होता, निघू या, ऑफिस आहे. गाल दुखत होता म्हणून निघाला होता.

९ तारखेच्या पानावर आहे: "आणि मी ते बघणार." कुणासाठी केलं हे त्याच पानावर आहे. अक्षर चांगलं आलंय.


शनि., २० मे

तो आणि वहिनी सरकारी दवाखान्यात जाऊन आले. तिथे जुलै. नंदाने सांगितलं, फोनवर. आधी रोज बोलायची, आता कामापुरतं. "पप्पा बोले, आत्या को आने की जरूरत नहीं." मग, "मी नाही बोलले आत्या. ते बोलले."

हे म्हणतात, वेळ दे त्याला. वेळच तर घेतला मी त्याचा.


शुक्र., २६ मे

संपादकांचं पत्र. यंदाच्या अंकासाठी कथा हवी, "त्या सॅक्सोफोनवाल्यासारखी." उत्तर लिहिलं नाही. पत्र फाडलंही नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलं, ह्याची नोंद करते.

दुपारी गौलीगुड्याला गेले. युसुफभाईंच्या दुकानापर्यंतच. त्यांनी स्टूल पुढे केलं. सॅक्स दुकानात भिंतीला टांगलेला.

"मास्टर रख के गए. बोले, किसी कू देदो." मग एक झांज पुसायला घेतली. "आपा, मैं नहीं दिया किसी कू. पर तुम उनकू मत बोलो."

म्हणजे आणखी एक गोष्ट दादापासून लपवायची.

मी म्हटलं, "सांगा त्याला, युसुफभाई. नाही दिला म्हणून सांगा."


सोम., ५ जून

डॉक्टर परत आले. मला बोलावलं नव्हतं. मी गेले. बाहेरच्या बाकावर वहिनी, नंदा, दादा. वहिनींनी सरकून जागा दिली. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. शर्ट खांद्यावर लोंबतोय.

आत दीड बोट गेलं.

डॉक्टर मानेवरून हात फिरवत एका जागी थांबले. जबड्याच्या खाली, डावीकडे. तिथेच पुन्हा दाबून पाहिलं. गाठ लागते म्हणाले. पहिल्यांदा तपासलं तेव्हा नव्हती. ह्या वेळी ते दादाकडे बघून बोलत होते. आता मानही उघडावी लागेल. किती पसरलंय ते उघडल्यावर कळेल.

बाहेर आल्यावर मी एकटी परत आत गेले. विचारलं, गुरुवारी, अकरा तारखेला, असती का ही गाठ?

डॉक्टर हात धूत होते. "ते आता कशाला विचारता?" म्हणाले. माझ्याकडे न बघता.

बुधवारी दाखल. ऑपरेशन गुरुवारी.


बुध., ७ जून

नंदाचा सकाळी फोन. "आत्या, पप्पा तुला बोलवून राहिले. दवाखान्यात. अभीच."

पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळचा बेड. पंखा फिरतोय, वारा येत नाही. दादा उशीला टेकून बसलेला, चष्मा लावून, मांडीवर कागद. वहिनी पिशवीतून ताट-वाटी काढत होत्या. खुर्ची एकच होती, तिच्यावर नंदाची ओढणी. मी उभी राहिले.

"ऑपरेशनची परवानगी," दादा म्हणाला. एकेक शब्द दातांतून. "नर्स म्हणाली, नातेवाइकाची सही चालेल, पेशंटला वाचायची गरज नाही."

मी कागदांकडे पाहिलं.

"चार पानं आहेत. दोन मी वाचली. आता तोंड दुखतंय." कागद माझ्या हातात दिले. "पुढची तू वाच. मोठ्याने. मराठीत सांगत जा, हिलाही कळू दे." मानेने वहिनींकडे खूण केली. "काही गाळू नकोस."

नंदाने खुर्चीवरची ओढणी उचलली. मी बसले.

वाचलं. तिसरं पान. काय काय कापतील. हाडाचा किती भाग. मांडीची कातडी काढून गालाला लावतील. नळीने जेवण, किती दिवस ते सांगता येत नाही. बोलणं स्पष्ट होईल असं नाही. एके ठिकाणी एका शब्दाला मराठी सुचेना. मी पुढे सरकले, तर दादाने बोट वर केलं. परत मागे गेले, सोप्या शब्दांत सांगितलं. वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. एकदाच म्हणाल्या, "हे पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं.

चौथं पान. भूल. रक्त. टेबलावरच जीव जाण्याची शक्यता. तेही वाचलं. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटत होता, बातम्या देणाऱ्या बाईसारखा.

खाली सहीची रेघ.

मी पर्समधून पेन काढलं. तीच पर्स, तोच कप्पा. पेन पुढे केलं. त्याने घेतलं नाही. कागद माझ्या हातून घेतले, चारही पानं ओळीने लावली, उशीखाली ठेवली.

"सहीला सकाळपर्यंत वेळ आहे, नर्स म्हणाली."

"दादा."

"बस. बसून राहा." डोळे मिटले. मग डोळे मिटूनच म्हणाला, "युसुफभाई येऊन गेला. म्हणाला, सॅक्स कुणाला दिला नाही. तूच सांगायला सांगितलंस म्हणे."

"हो."

"हं."

वहिनींनी दहीभात कालवला. चमचा दातांच्या फटीतून आत गेला तेवढा गेला. मी साडेपाचपर्यंत त्या खुर्चीवर होते. मग नर्सने भेटणाऱ्यांना बाहेर काढलं.

निघताना त्याचा हात उशीखाली होता. कागदांवर.

उद्या आठ वाजता.